हेल काउंटीची बांधकामशाळा

न्यूबर्नमध्ये सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना आधी फावडी मिळतात, ड्रॉइंगचं टेबल नंतर. आर्किटेक्चर शिकायला आलेली ही मुलं सामान खोलीत टाकतात आणि कामाला बाहेर पडतात. माजलेलं रान कापणं, तुंबलेली पन्हळ मोकळी करणं, कुजलेली फळी उपसून नवी ठोकणं, आधीच्या तुकड्यांनी बांधलेल्या इमारतींची डागडुजी करणं असं ते काम असतं. या कामाला तिथे ‘नेकडाउन’ म्हणतात. मानेखालचं सगळं अंग राबवायचे दिवस. आपल्या चार-पाच वर्षं आधीच्या मुलांनी एखादा सांधा कसा जोडला, त्यात पाणी कुठून शिरलं, कुठला खिळा गंजला, हे नव्या मुलांना पहिल्यांदा कळतं ते हातात पहार असताना.

या शाळेचं नाव रूरल स्टुडिओ. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाचा हा एक भाग. मुख्य विद्यापीठ मात्र मोटारीने अडीच-तीन तास दूर, राज्याच्या पूर्व टोकाला. ही शाळा मुद्दामच तिथून लांब, पश्चिमेकडच्या हेल काउंटीत, दोनशेहून कमी वस्तीच्या न्यूबर्न गावात थाटलेली. विद्यार्थी तिथे राहायलाच येतात. तिसऱ्या वर्षाची मुलं एका सत्रापुरती आणि पाचव्या वर्षाची मुलं थिसिससाठी. १९९३पासून आजवर हजाराहून अधिक विद्यार्थी इथून शिकून गेले. त्यांनी आपल्या हातांनी उभारलेली लहानमोठी बांधकामं दोनशेच्या पुढे गेली आहेत.

हेल काउंटी ज्या पट्ट्यात येते त्याला तिकडे ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात. काळ्या मातीचा, कापसाचा पट्टा. विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाला या मातीचे गुण वेगळे सांगायला नकोत: पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि उथळ पाया घातलेली भिंत चिरते. याच मातीवर गुलामांच्या श्रमांनी कापसाचे मळे उभे राहिले. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर त्याच माणसांची मुलं-नातवंडं बटाईने तीच जमीन कसत राहिली. कापूस गेला, गिरण्या गेल्या, तरुण शहरांकडे गेले. मागे उरली गळक्या छपरांची लाकडी खोपटं आणि पत्र्याची फिरती घरं, म्हणजे तिकडच्या भाषेत ट्रेलर. १९३६मध्ये जेम्स एजी हा लेखक आणि वॉकर इव्हान्स हा छायाचित्रकार याच काउंटीतल्या बटाईदार गोऱ्या कुटुंबांकडे राहिले. त्यातून १९४१ साली निघालेलं त्यांचं पुस्तक अमेरिकेत अजून वाचलं जातं. दारिद्र्य पाहायला येणारे या भागाला नवीन नव्हते. मात्र येऊन काहीतरी बांधून जाणारे फारसे नव्हते.

सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ या ऑबर्नच्या दोन प्राध्यापकांनी ते करायचं ठरवलं. मॉकबी शेजारच्या मिसिसिपी राज्यातले, १९४४चा जन्म, स्वतः ऑबर्नमध्येच शिकलेले. चांगली चालणारी प्रॅक्टिस होती, चित्रंही काढत. ज्या दक्षिणेत आपण वाढलो तिथली वर्णभेदाची भिंत आपण लहानपणी ओलांडली नाही, याची टोचणी त्यांना आयुष्यभर होती. आर्किटेक्चरच्या शिक्षणाबद्दल त्यांची तक्रार साधी होती: मुलं कागदावरच्या इमारतींची कागदावरची उत्तरं देतात आणि ज्यांच्यासाठी घर बांधायचं त्या माणसाला पदवी मिळेपर्यंत भेटतच नाहीत. चांगल्या घरावर गरिबाचाही हक्क आहे, असं ते सांगत. ते घर नुसतं उबेचं आणि कोरडं असून भागणार नाही, देखणंही असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. अलाबामा पॉवर फाउंडेशनची देणगी मिळाली आणि पहिली तुकडी हेल काउंटीत उतरली.

पहिलं घर १९९४मध्ये मेसन्स बेंड या वस्तीत झालं. ब्रायंट नावाचं वृद्ध जोडपं नातवंडांसह एका मोडक्या खोपटात राहत होतं. घरात नळ नव्हता, छपर गळत होतं. मुलांनी त्यांच्यासाठी गवताच्या गासड्या रचून भिंती उभ्या केल्या आणि वरून गिलावा केला. जाड गासडी उन्हाळ्यात ऊन अडवते, हिवाळ्यात ऊब धरते आणि स्वस्तात मिळते. समोर ऐसपैस पडवी घेतली, कारण या भागातलं अर्धं आयुष्य पडवीत जातं. मागे नातवंडांना झोपायला गोल छपराच्या छोट्या खोल्या काढल्या. दोन वर्षांनी एका विद्यार्थ्याने थिसिस म्हणून याच घराशेजारी मांस धुरावण्याची कोठी बांधली. फुटक्या काँक्रीटचे तुकडे, भिंतीत बसवलेल्या रंगीत बाटल्या, छपराला रस्त्यावरच्या जुन्या पाट्या. एकूण खर्च १४० डॉलर. बाटल्यांमधून आत पडणाऱ्या उजेडामुळे ती टीचभर कोठी जगभरच्या मासिकांत छापून आली.

त्यानंतरच्या काही वर्षांत या शाळेने ज्या वस्तूंना हात लावला त्यांची यादी एखाद्या भंगारवाल्याच्या आवारात शोभली असती. १९९५मध्ये तीन विद्यार्थ्यांनी सुमारे हजार जुन्या टायरांत माती ठासून, ती एकावर एक रचून, वरून गिलावा करून प्रार्थनागृह उभं केलं. मेसन्स बेंडमध्येच २०००मध्ये एक सार्वजनिक मंडप झाला. त्याच्या भिंती ठोकून बसवलेल्या मातीच्या. छपराचा एक भाग शेव्हरोले मोटारींच्या पुढच्या काचांचा, माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक चढवलेला. अशा ऐंशी काचा शिकागोच्या भंगारातून अवघ्या १२० डॉलरना मिळाल्या होत्या. काच मोटारीची, म्हणजे तीत दोन पापुद्र्यांमध्ये पातळ थर असलेली. फुटली तरी तुकडे डोक्यावर कोसळत नाहीत. हा गुण ध्यानात घेतला म्हणूनच ती छपरावर चढली. न्यूबर्नमध्ये विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी केलेल्या खोल्यांपैकी एकीच्या भिंती मेण लावलेल्या पुठ्ठ्याच्या गासड्यांच्या आहेत. मेणामुळे तो पुठ्ठा पुन्हा लगद्यात घालता येत नाही, टाकूनच द्यावा लागतो. पण त्याच मेणामुळे तो ओल धरायलाही तयार नसतो.

यांतलं सगळ्यांत शिकवणारं काम, माझ्या मते, लुसी हाउस. मॉकबींनी त्याची कल्पना काढली होती, पण २००२मध्ये ते पुरं व्हायच्या आत ते गेले. एका कंपनीने ७२,००० वापरलेल्या कार्पेट टाइल देऊ केल्या: ऑफिसच्या फरशीवर टाकतात तसले गालिच्याचे चौकोनी तुकडे. त्यांची भिंत करायची. आता विद्यार्थ्यापुढे प्रश्न उभे राहतात ते पुस्तकात सापडणारे नाहीत. टाइल एकावर एक ठेवली की रास उभी राहते, पण ती मऊ असते, दबते, वाकते. वरून छपराचं ओझं आलं तर ती किती खाली बसेल? ती बसत असताना खिडकीची चौकट कशी टिकेल? पावसाचा फटकारा थेट बसला तर पाणी थरांमध्ये शिरेल का? नव्या टाइलमधून रसायनांचा वास सुटतो, तो राहणाऱ्या माणसांच्या छातीत जाईल त्याचं काय? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी असं काढलं की टाइल वापरायच्या त्या कित्येक वर्षं पडून राहिलेल्या, ज्यांतला वास विरून गेला आहे अशाच. ओझ्याचं उत्तर म्हणून भिंतीच्या माथ्यावर जड लाकडी तुळई चौफेर फिरवली. तिच्या वजनाने थर दाबून बसले आणि भिंतीला घट्टपणा आला. घराच्या एका टोकाला लालसर, वेडावाकडा मनोरा आहे. त्यात वर निजायची खोली आणि खाली टोर्नेडोच्या वेळी लपायची जागा. अलाबामात ही सोय चैनीत मोडत नाही.

वर्गात विद्यार्थ्याला भिंतीचा काटछेद काढायला लावतात. विटांची तिरपी रेघ, गिलाव्याचे ठिपके, मापं. तो काटछेद बरोबर असला तरी त्याच्या मागे काहीच उभं राहत नाही. इथे काटछेद चुकला तर रविवारच्या पावसात शेजारच्या बाईच्या बिछान्यावर पाणी येतं आणि सोमवारी तिच्याच पडवीतून जावं लागतं. म्हणून मुलं आधी भिंतीचा एक तुकडा पूर्ण आकारात उभारून बघतात, त्यावर पाणी ओततात, तो मोडतात, पुन्हा उभारतात. बाहेरून येणारे स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि आर्किटेक्ट ज्यूरीला बसतात, तीसुद्धा अनेकदा अशा तुकड्यांसमोर. वर्ष संपताना ‘पिग रोस्ट’ नावाचा मोठा मेळावा भरतो. गावकरी, पालक, पाहुणे सगळे मिळून एका इमारतीवरून दुसरीकडे जातात. प्रत्येक ठिकाणी विद्यार्थी आपण काय केलं ते सांगतात. श्रोत्यांत ज्याचं घर आहे तोही उभा असतो.

मॉकबींना २०००मध्ये मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. ल्युकेमियाने ३० डिसेंबर २००१ला ते गेले. अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेचं सुवर्णपदक त्यांच्या पश्चात २००४मध्ये जाहीर झालं. एका विलक्षण माणसाभोवती जमलेली शाळा त्याच्यानंतर विरून जाते, असं आपण बऱ्याचदा पाहिलं आहे. इथे तसं झालं नाही, याचं श्रेय अँड्र्यू फ्रीअर या मूळच्या इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या आर्किटेक्टला द्यावं लागतं. त्यांनी न्यूबर्नमध्ये बिऱ्हाड केलं आणि शाळेला सावकाश वेगळ्या वाटेवर नेलं. टायर-काचांची नवलाई मागे पडली. लाकूड, पत्रा, काँक्रीट असं दुकानात मिळणारं, दुरुस्त करता येणारं सामान पुढे आलं. एकेका कुटुंबाच्या घराबरोबर गावाच्या गरजेच्या इमारती आल्या.

न्यूबर्नचं अग्निशमन केंद्र त्यातलं पहिलं मोठं काम. गावातले स्वयंसेवक आग विझवायला धावत, पण बंब ठेवायला जागा नव्हती. पाचव्या वर्षाच्या चौघांनी लाकूड आणि धातू मिळून मोठ्या कैच्यांची चौकट उभारली. बाहेरून अर्धपारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा आणि लाकडी पट्ट्या लावल्या. गावात एकशे दहा वर्षांत उभी राहिलेली ती पहिली नवी सार्वजनिक इमारत होती. अग्निशमन केंद्र जवळ असलं की अमेरिकेत घराच्या विम्याचा हप्ताही उतरतो, त्यामुळे या इमारतीचा लाभ गावाला दोन्हींकडून झाला. पुढे २०११मध्ये तिच्या शेजारीच ग्रामसभेसाठी टाउन हॉल झाला. आठ इंच बाय आठ इंचाच्या सायप्रसच्या ओंडक्यांची भिंत, एकावर एक चढवलेली. लाकूड सुकताना आक्रसतं. अशा भिंतीची उंची वर्षभरात कमी होते, हे हिशेबात धरून दारं-खिडक्या बसवाव्या लागतात. मग २०१३मध्ये गावातल्या जुन्या बँकेच्या इमारतीत ग्रंथालय आलं. तीन कामं, तीन तुकड्या, एकच रस्ता. शाळा एका गावात टिकून राहिली म्हणजे काय होतं ते या एका रस्त्यावर दिसतं.

शेजारच्या पेरी काउंटीत एक उद्यान कित्येक वर्षं बंद पडलं होतं. तिथे एकेका तुकडीने पाळीपाळीने मंडप, मग शौचालयं, मग छपराचा पूल केला आणि २००५मध्ये पक्षिनिरीक्षणासाठी शंभर फुटी मनोरा उभारला. हा मनोरा मुळात वणव्यावर नजर ठेवायला बांधलेला जुना लोखंडी टॉवर होता. मुलांनी तो दुसऱ्या ठिकाणी एकेक नट सोडवत उतरवला, तुकड्यांना खुणा केल्या आणि दलदलीच्या जंगलात पुन्हा चढवला. ग्रीन्सबरोच्या लायन्स पार्कमध्ये मुलांची खेळायची जागा पुदिन्याच्या तेलाच्या रिकाम्या, जस्त चढवलेल्या पिंपांची आहे. जुनी खोड अगदीच गेली नाही, आणि गेली नाही हे बरंच झालं.

पाचव्या वर्षाचा गट साधारण चौघांचा. गावाच्या गरजेचं काम त्यांच्याकडे येतं. मग पैसे उभे करणं, नकाशे, परवानग्या, काउंटीच्या अधिकाऱ्यांसमोर मांडणी, लाकडाच्या वखारीत भाव करणं आणि शेवटी प्रत्यक्ष बांधणं. शैक्षणिक वर्षात हे क्वचितच पुरं होतं. त्यामुळे पदवी हातात पडल्यावरही मुलं न्यूबर्नमध्येच राहतात आणि इमारत संपवूनच निघतात. तिथे त्यांना प्रेमाने ‘लेफ्टओव्हर्स’ म्हणतात. परीक्षा झाली, गुण मिळाले, नोकरीचं पत्र आलं आणि तरी उन्हातान्हात छपरावर बसून पत्र्याचे स्क्रू पिळायचे. या थांबण्यातच मला या शाळेचं सगळं शिक्षण दिसतं. कौशल्य कुठेही शिकता येईल. काम अर्धं टाकून जाता येत नाही, हे मात्र तिथेच राहून शिकावं लागतं.

२००५मध्ये सुरू झालेला ‘ट्वेंटी-के’ प्रकल्प हा या शाळेचा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत अवघड अभ्यास आहे. प्रश्न असा मांडला: तुटपुंज्या सरकारी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या एकट्या माणसाला या भागात कर्ज काढून केवढं घर परवडेल? अमेरिकेचं कृषी खातं ग्रामीण भागातल्या गरिबांना घरासाठी कर्ज देतं. महिना शंभर डॉलरच्या आसपास हप्ता झेपेल असं धरलं तर हिशेब वीस हजार डॉलरवर येतो. यातले सुमारे बारा हजार सामानाचे आणि आठ हजार मजुरी व ठेकेदाराच्या नफ्याचे. विद्यार्थ्यांनी फुकट राबून घर स्वस्त करायचं नाही, अशी अट होती. स्थानिक ठेकेदार ते बांधून चार पैसे कमावू शकला पाहिजे, तरच ते घर विद्यार्थ्यांविना पसरेल. स्पर्धा होती ट्रेलरशी. ट्रेलर विकत घेतला की मोटारीप्रमाणे त्याची किंमत उतरत जाते, तर पायावर उभ्या घराची किंमत टिकते.

दर वर्षी एक गट येतो, आधीची घरं बघतो, त्यांत राहणाऱ्यांशी बोलतो आणि आणखी एक घर बांधतो. डेव्हचं घर, मॅकआर्थरचं घर, जोअॅनचं घर. प्रत्येक घराला पहिल्या रहिवाशाचं नाव. एका निजायच्या खोलीची ही घरं साधारण पाचशे चौरस फुटांच्या आसपासची. आकार लहान असला की चुकीला जागा राहत नाही. वखारीत वासा दोन-दोन फुटांच्या टप्प्यांत मिळतो, प्लायवूड चार बाय आठ फुटांत. खोलीची मापं या मापांत बसवली तर कापून टाकायचं लाकूड वाचतं. त्या वाचलेल्या लाकडातून पडवी मोठी होते. घर जमिनीपासून उचलून ओट्यांवर ठेवायचं, म्हणजे फुगणाऱ्या मातीशी गाठ कमी पडते आणि खालून वारा खेळतो. ओट्यांची संख्या कमी करायची तर तुळया ओट्यांच्या बाहेर काढून दोन्हींकडच्या वजनाचा तोल साधायचा. छत उंच घ्यायचं, खिडक्या समोरासमोर, म्हणजे लहान खोली कोंदट होत नाही. नळ आणि सांडपाण्याची सगळी कामं एकाच भिंतीत घ्यायची, म्हणजे प्लंबरचे तास कमी. एकेका डॉलरसाठी एवढं डोकं लढवलेली घरं श्रीमंतांसाठीही क्वचित होतात.

पहिली घरं त्या त्या माणसांना विनामूल्य मिळाली, कारण शाळेच्या लेखी तो अभ्यास होता. खरी अडचण पुढे आली. नकाशे सिद्ध झाले, आता कुणीही बांधावीत म्हटलं तर असं दिसलं की बांधकाम हा त्यातला सोपा भाग होता. इतकं छोटं कर्ज द्यायला बँकेला रस नाही, कारण वीस हजाराच्या कागदपत्रांना दोन लाखांच्या कागदपत्रांएवढेच श्रम लागतात. कित्येक ठिकाणी स्थानिक नियमांना इतकं लहान घर चालत नाही. बांधकाम तपासणारा अधिकारी ओळखीच्या पायाऐवजी असा तोललेला पाया पाहिला की सही करायला कचरतो. जमिनीच्या वारसा हक्काचा घोळ, विमा, वीजबिल. २०१६मध्ये जॉर्जिया राज्यात व्यावसायिक ठेकेदाराकडून अशी दोन घरं बांधून घेतली, तेव्हा या सगळ्या गाठी एकेक करून समोर आल्या. वीस हजारांचा आकडा तिथे टिकणारा नव्हताच. लक्ष मग घराच्या किमतीवरून ते घर बाळगण्याच्या खर्चावर गेलं. वीस वर्षांत ऊर्जा, दुरुस्ती, विमा, व्याज मिळून माणसाला काय पडतं, हे विद्यार्थी मांडायला लागले. त्यातून ‘फ्रंट पोर्च’ नावाचा उपक्रम उभा राहिला. इतर राज्यांतल्या गृहनिर्माण संस्थांना हे नकाशे, तांत्रिक मदत आणि अनुभव पुरवायचे, असं त्याचं काम आहे.

माझ्यासारख्याला हा बदल अतिशय आवडतो. १९९५मध्ये इथला विद्यार्थी टायरात माती ठासायला शिकत होता. आजचा विद्यार्थी तितक्याच चिकाटीने विम्याचा फॉर्म वाचायला शिकतो. दोन्ही कामं प्रत्यक्षच आहेत आणि दोन्हींच्या शेवटी कुणाच्या तरी डोक्यावर छपर येतं.

या शाळेवर टीकाही होत आली आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. बहुसंख्य गोरे, सुस्थितीतल्या घरांतले विद्यार्थी. घरं मिळणारे बहुतेक काळे आणि गरीब. प्रयोग करून बघायला हीच माणसं का? भिंत वाकली तर विद्यार्थी शहरात जाईल, म्हातारी तिथेच राहील. हेल काउंटीत बांधकाम नियम सैल होते म्हणून हे सगळं जमलं, हेही खरं. टायरांचं ते प्रार्थनागृह पुढे वापरातून गेलं आणि मोडकळीला आलं. फ्रीअर यांच्या काळात नेहमीच्या सामानाकडे वळण्यामागे मला या प्रश्नांचं ओझं दिसतं. न्यूबर्नमध्येच राहायचं, जुन्या कामांची देखभाल अभ्यासक्रमातच बसवायची, दर सत्राला नेकडाउन करायचं, हे टीकेला दिलेलं कामातलं उत्तर आहे. ते पुरेसं आहे का हे हेल काउंटीतल्या माणसांनीच सांगायचं. पण एवढं उत्तर देणाऱ्या शाळाही जगात थोड्याच आहेत.

आपल्याकडे प्रत्यक्ष शिक्षणाची वाट नव्हती असं नाही. मुंबईच्या जे. जे.मध्ये क्लॉड बॅटली यांनी विद्यार्थ्यांना जुन्या इमारती टेप लावून मोजायला शिकवलं. त्या मोजमापांच्या आलेखांवर त्यांचं १९३४चं पुस्तक उभं आहे. त्याच जे. जे.मध्ये शिकलेल्या, पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी १९६२मध्ये अहमदाबादला आर्किटेक्चरची शाळा काढली. आज आपल्या कॉलेजांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एक सत्र ऑफिसात उमेदवारीचं असतं. त्याचा लाभ कोणत्या ऑफिसात जागा मिळाली यावर ठरतो. कुठे मुलं साइटवर सेंटरिंग तपासायला जातात, गवंड्याशी बोलायला शिकतात. कुठे सहा महिने जिन्याच्या कठड्यांचे नकाशे रंगवतात. साइट व्हिजिट म्हणजे बहुतेक वेळा हेल्मेट घालून काढलेला फोटो. गुण्या आणि ओळंबा ज्याच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहेत तो मिस्त्री आपल्या शहरांत हाकेच्या अंतरावर असतो, पण कॉलेजच्या वेळापत्रकात त्याला तास नाही. ही मला सगळ्यांत मोठी नासाडी वाटते.

रूरल स्टुडिओ सुरू झाला त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, लातूर-उस्मानाबादच्या काळ्या मातीवर भूकंप झाला. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं, हजारो गेली. काही ठिकाणी मात्र आतला लाकडी खणांचा सांगाडा उभाच राहिला आणि त्याच्या आत निजलेली माणसं वाचली. भिंत आणि छपर यांच्यातलं नातं शिकायला याहून कठोर धडा नसेल. पुढे नवी गावठाणं आखली गेली, सरळ रस्ते, एकसारखी घरं. वाड्याच्या अंगणाची, गुरांच्या गोठ्याची, शेजारपाजाराच्या बोळाची सवय त्या आखणीत बसली नाही, याबद्दल नंतर बरंच लिहिलं गेलं. भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या बावन्न गावांपैकी एका गावात एखाद्या कॉलेजने वीस वर्षं ठाण मांडलं असतं, दर वर्षी मुलं येऊन खणाचा सांगाडा मोजत, भिंतींना सांधे-बंद घालायला शिकत, आधी बांधलेलं दुरुस्त करत राहिली असती, तर आज त्या कॉलेजकडे केवढं ज्ञान असतं! अजूनही हे करता येईल. महाराष्ट्रात आर्किटेक्चर कॉलेजं भरपूर आहेत आणि कमी पावसाच्या, काळ्या मातीच्या, गरजेच्या तालुक्यांची वाण नाही. एका कॉलेजने एक तालुका धरावा आणि सोडू नये, एवढीच सुरुवात पुरे.

न्यूबर्नमध्ये सध्या जमिनीखालचा एक जुना प्रश्न हाताळला जातो आहे. तीच काळी चिकणमाती पाणी खाली जाऊ देत नाही. त्यामुळे घरांमागच्या सेप्टिक टँकचं पाणी मुरत नाही, वर येतं. अनेक घरांचं सांडपाणी नळीने थेट परसात सोडलेलं असतं, कारण योग्य यंत्रणेचा खर्च घराच्या किमतीशी स्पर्धा करतो. अनेक घरांना मिळून एक छोटी सामाईक यंत्रणा बसवायची आणि सांडपाणी एकत्र शुद्ध करायचं, अशा प्रयत्नात रूरल स्टुडिओ अलाबामातल्या इतर विद्यापीठांच्या इंजिनिअरांसोबत उतरला आहे. ते काम पिग रोस्टला पाहुण्यांना दाखवण्याजोगं देखणं नाही. पाइपचा उतार किती, टाकी कोणाच्या जमिनीवर, पंपाचं वीजबिल कोण भरणार आणि पंप बंद पडला तर रात्री फोन कुणाला करायचा, हे ठरवावं लागतं. चार भिंती बांधायला आलेल्या विद्यार्थ्याला आता हेही शिकावं लागतं. न्यूबर्नमधली पुढची घरं या कामाच्या निकालावर अवलंबून आहेत.